शंभर मिलिमीटरचा चौकोन

३ नोव्हेंबर, सोमवार

ज्याच्या करुणेला माप नाही आणि तरीही जो प्रत्येक मापाचा साक्षी आहे, त्या दयाघनाला प्रथम वंदन. त्याने बुद्धी स्थिर ठेवावी, हातून अपाय होऊ देऊ नये आणि या घरातल्या लहानग्या जिवाला सांभाळावे, एवढे मागून लेखनास आरंभ करतो.

विषय एका आसनाचा आहे. धाकट्या भावाची नात, आमची भिंगरी, नऊ वर्षांची. जन्मापासून तिला कमरेखाली संवेदना नाही. हे टोपणनाव तिचे तिनेच घेतले आहे. चाकांच्या खुर्चीत जागच्या जागी गिरक्या घेते आणि बघणाऱ्यांनाच विचारते की कुणाला चक्कर आली. गेल्या काही महिन्यांत ती झपाट्याने वाढली आणि खुर्चीतले जुने आसन तिला पुरेनासे झाले. न बसणारे आसन म्हणजे काय, ते आम्ही एकदा भोगले आहे. दोन वर्षांपूर्वी तिच्या उजव्या बाजूला बसण्याच्या जागी जखम झाली. तिला ती कळली नाही, म्हणून आम्हांलाही कळली नाही. आणि कळली तेव्हा पोरीला कित्येक आठवडे रुग्णालयात पालथे पडून काढावे लागले. दुखत नाही, हेच तिचे दुखणे.

दवाखान्याकडून नवे आसन यायला मार्च उजाडेल. शाळेचे सत्र १ डिसेंबरला सुरू होते. आसन नसेल तर शाळा नाही, तोवर नुसते खाटेवर पडणे. दवाखान्यातल्या फिजिओताईंनी बऱ्याच विनवणीनंतर तात्पुरती लाकडी बैठक घरी करण्यास संमती दिली आणि मापांसह आराखडा काढून दिला. वरची गादी त्या देणार. त्यांची अट एकच : त्यांनी स्वतः तपासल्याखेरीज मुलीला तिच्यावर बसवायचे नाही.

धाकटा पंपांच्या कारखान्यात आराखडे काढत असे. निवृत्तीनंतर त्याने सुटे भाग मागवून सीएनसी राउटर नावाचे हौशी यंत्र स्वतः जोडले आहे. संगणक रेषा सांगतो, आणि गरगर फिरणारे कटर त्या रेषेवरून सरकत प्लायवुड कापत जाते. मी जन्मभर शास्त्रे शिकवली. या यंत्राविषयी मला कुतूहल आहे, अधिकार नाही.

पुतणी, म्हणजे भिंगरीची आई, एवढेच म्हणाली, "बाबा, जमणार असेल तरच हो म्हणा." धाकट्याने हो म्हटले.

५ नोव्हेंबर, बुधवार

खालच्या मजल्यावर शिकवणीचे वर्ग चालतात. तिथल्या बाईंनी यंत्राला संध्याकाळी पाच ते सहा एवढाच तास मोकळा दिला आहे, तोही तोंड वाकडे करून. त्या तासात आज पहिला चाचणीचा चौकोन कापला. यंत्राला शंभर मिलिमीटर सांगितले होते. उभ्या दिशेने शंभर भरले. आडव्या दिशेने नव्व्याण्णव पूर्णांक चार.

अर्ध्या मिलिमीटरचे एवढे काय, असे मी विचारले. धाकट्याने आराखडा पुढे केला. बैठकीच्या दोन्ही अंगांना आधाराच्या फळ्या खाचांमध्ये बसायच्या आहेत. खाच सैल झाली तर फळी कलते, फळी कलली की पोर एका बाजूला झुकते आणि सगळा भार एकाच हाडावर येतो. 

मोटरने एक मिलिमीटर सरकण्यासाठी किती पावले टाकायची, असा एक आकडा यंत्रात भरलेला असतो. माप चुकले की बहुतेक लोक तो आकडाच बदलतात. धाकट्याने बजावले की कटर सरकवणारा पट्टा नवा आहे, त्याला बसू द्यावे. दोन-चार दिवस आकड्याला कुणी हात लावायचा नाही. त्याने शब्द दिला की तो पाळतो. लहानपणी उपवासाचा शब्द दिला म्हणून तापातही पाण्याखेरीज काही न घेणारा हा मुलगा.

६ नोव्हेंबर, गुरुवार

सकाळचे स्तोत्र आटोपून यंत्राच्या खोलीत डोकावलो तर धाकटा आधीच तिथे. म्हणाला, भुसा झटकत होतो.

यंत्रासोबत आलेली पुस्तिका दुपारी वाचून काढली. पोथी म्हणून ती सामान्यच. पुनरुक्ती फार आणि अन्वय ढिला. परंतु आकडा कसा सुधारावा याचे त्रैराशिक त्यात स्वच्छ दिले आहे, आणि ते मला पहिल्याच वाचनात लागले. पुस्तिकेप्रमाणे मूळ आकडा ऐंशी. संगणकाच्या पडद्यावर पाहिले तर ऐंशीच्या वर किंचित काही. हा पाठभेद असावा. मूळ ग्रंथ एक सांगतो आणि हाती आलेली प्रत दुसरे, हे आम्हां लोकांना नवे नाही. हाती आलेली प्रत प्रमाण मानली आणि तिलाच त्रैराशिक लावले.

हे मी धाकट्याला सांगितले नाही. यंत्र त्याने स्वतः जोडले आहे. त्याच्या जोडणीत खोट निघाली असे मी, या विद्येतला निरक्षर, त्याच्या लेकीच्या घरात कसे म्हणू? तो दुपारी झोपतो, तेवढ्या वेळात काम झाले. शेजारच्या खोलीतल्या खाटेवरून भिंगरी उघड्या दारातून पाहत होती. आजोबांना सांगू नकोस, असे तिच्याकडून वचन घेतले. तिने माझ्याकडे फार वेळ पाहिले आणि म्हणाली, "बरं. तुम्हीपण."

या 'तुम्हीपण'चा अर्थ लागला नाही. मुले अर्धे वाक्य गिळतात.

संध्याकाळी चौकोन शंभर पूर्णांक सहा. जितके कमी होते तितकेच आता जास्त. धाकट्याचा चेहरा उतरला, माझाही उतरला असणार. नक्कीच मी गुणाकारात कुठेतरी चुकलो.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

दुपारी आकडा उलट दिशेने सुधारला. एक गोष्ट मात्र खटकली. काल मी जो आकडा भरला असे मला स्मरते, तो पडद्यावर नव्हता. त्याहून लहान होता. मी आकडे कागदावर उतरवत नाही. जे जपायचे ते कंठात जपावे, अशी आमच्या गुरुजींची शिस्त होती आणि साठ वर्षांत तिने मला दगा दिला नाही.  मग पडद्यावर दिसत होता त्यालाच त्रैराशिक लावले.

संध्याकाळी पुन्हा नव्व्याण्णव पूर्णांक चार.

१० नोव्हेंबर, सोमवार

पाळण्यासारखे चालले आहे. एका संध्याकाळी कमी, दुसऱ्या संध्याकाळी जास्त, आणि दोन्ही वेळा अंतर तेवढेच. धाकट्याने पट्टा ताणून पाहिला, कटर नवे घातले, लाकूड चारी कोपऱ्यांना आवळले, सांगाड्याला गुण्या लावून काटकोन तपासला. मी टॉर्च धरून उभा होतो. प्रत्येक उपायानंतर तो आशेने चौकोन मोजतो आणि व्हर्नियर मोजपट्टी टेबलावर अशी ठेवतो, जसे कुणी निकालपत्र पालथे ठेवते.

आकडा आजही मला आठवतो त्याहून निराळाच होता. दुपारी एकटा बसून सहस्रनाम म्हणून पाहिले. एकही नाव मागेपुढे झाले नाही. मग चार आकडी संख्या एका रात्रीत कशी निसटते? जुने शाबूत आणि नवे टिकत नाही, हे लक्षण कशाचे असते ते मला ठाऊक आहे. माझ्या एका सहाध्याय्याला मंत्र शेवटपर्यंत येत होते. मुलाचे नाव येत नव्हते. हे कुणाला सांगणार नाही. पण अशा डोक्याने मी एका मुलीच्या आसनाच्या आकड्यांशी खेळावे काय?

तरीही खेळलो. धाकट्याला कळू न देता सुधारायचे तर दुसरा कोण आहे?

भिंगरीला कंटाळा आला होता म्हणून तिला अंध आणि पंगू यांचा न्याय सांगितला. आंधळ्याने पांगळ्याला खांद्यावर घेतले, पांगळ्याने वाट दाखवली, दोघेही अरण्य पार झाले. तिने विचारले, "त्या पांगळ्याला कुणी विचारलं होतं का, खांद्यावर बसायचंय का म्हणून?" हा न्याय मी चाळीस वर्षे शिकवला. भाष्यकारांपैकी कुणाला हा प्रश्न पडल्याचे आठवत नाही.

१२ नोव्हेंबर, बुधवार

पुतणीने जेवताना विचारले की बैठक कुठवर आली. धाकटा म्हणाला, पट्टा बसतोय. ती रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते. तिला गोलमाल उत्तरे नवीन नाहीत. तिने भाताचा घास तसाच धरून वडिलांकडे पाहिले, मग माझ्याकडे. मी ताटाकडे पाहिले. भिंगरी मोठ्या आवाजात म्हणाली की या घरात आमटी सोडून सगळे शिजते. आईने तिला दटावले. विषय मिटला.

चौकोन आज जास्त.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

काल सकाळी वाकलो आणि कंबर धरली. दोन दिवस खाटेवर आहे. यंत्राच्या खोलीत जाता आले नाही.

काल संध्याकाळी धाकटा चौकोन घेऊन माझ्या खाटेशी आला.  चौकोन आणि व्हर्नियर दोन्ही माझ्या हाती दिले. आडवे शंभर. उभे शंभर. आजही तसेच, केसाचाही फरक नाही.

पडल्या पडल्या केलेली प्रार्थना ऐकली गेली. मी हात जोडले. मनुष्याने हात मागे घेतला की ईश्वर आपला पुढे करतो, हे इतक्या प्रत्यक्षपणे मला कधीच दिसले नव्हते. आता मी आकड्याला शिवणार नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार

मोठ्या फळ्या कापल्या. मी काठी टेकत उभा होतो. बैठकीची फळी चारशे मिलिमीटर हवी. व्हर्नियर एवढे मोठे उघडत नाही, म्हणून टेप लावला. चारशे आणि दोनच्या अलीकडे काही दिसले. धाकटा म्हणाला की या टेपच्या टोकाचा हूक सैल आहे, तो नेहमीच थोडे जास्त दाखवतो. चौकोन तर शंभर आला आहे ना. मला ते पटले. खरे लिहायचे तर, ते पटावे असे मला वाटत होते.

डावीकडची आधारफळी खाचेत किंचित हलते. धाकट्याने पातळ लाकडी पापुद्रा गोंद लावून फटीत ठोकला. आता हलत नाही.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

फिजिओताई उद्या येणार होत्या.

आज दुपारी पुतणी कामावर असताना भिंगरी हट्टाला पेटली. महिनाभर ती बहुतेक वेळ आडवीच आहे. पाच मिनिटे, फक्त पाच, खिडकीपर्यंत जाऊन येते, असे म्हणाली. धाकट्याने माझ्याकडे पाहिले. मी 'नको' म्हणायला हवे होते. मी म्हणालो, "पाचच." बैठक खुर्चीत घातली, गादी जुनीच टाकली. ती खिडकीशी गेली, दाराशी आली, आमच्या दोघांच्या पायांवरून चाक नेते की काय अशी फिरली. इतके हसू या घरात बरेच दिवस झाले नव्हते. पाचांची तीस मिनिटे कधी झाली ते आम्ही दोघांनीही पाहिले नाही.

संध्याकाळी पुतणीने तिला कूस वळवली तेव्हा डाव्या बाजूला लाल डाग होता. बोटाने दाबला तरी पांढरा पडेना; जखमेची पहिली खूण.

ती बाहेर आली. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरे वाटले असते.

"बाबा, काका. लेकरू आहे माझं ते. प्रयोग नाही."

धाकटा म्हणाला की चौकोन शंभर आला होता. तिने ते ऐकले असे वाटत नाही. फिजिओताईंना फोन करून डाग पाहायला या असे सांगितले आणि बैठकीचे काम बंद केल्याचेही सांगितले. मार्चपर्यंत मुलगी घरीच राहील. शाळा पुढच्या वर्षी.

१९ नोव्हेंबर, बुधवार

डाग तसाच. फिजिओताई म्हणाल्या, कातडी फुटली नाही हे नशीब. मुळीच भार देऊ नका. आमच्याशी त्या बोलल्या नाहीत. धाकट्याने यंत्रावर चादर टाकली आहे.

प्रार्थनेला बसलो. मागायला तोंड नव्हते.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

डाग फिका झाला आहे. दयाघनाच्या कृपेला सीमा नाही. आता आजचे लिहितो.

भिंगरीने दुपारी मला बोलावले. पालथी होती, तोंड भिंतीकडे. तिने विचारले की दिलेले वचन मोडले तर पाप लागते का. मी म्हणालो, लागते. मग दोन वचने असतील आणि ती एकमेकांची असतील तर? मला कळले नाही. मी म्हणालो, बाळ, नीट सांग.

"तुम्ही म्हणालात, आजोबांना सांगू नकोस. आजोबा म्हणाले, मोठ्या आजोबांना सांगू नकोस. ते सकाळी करतात, तुम्ही स्तोत्र म्हणता तेव्हा. तुम्ही दुपारी करता, ते झोपतात तेव्हा. रोज." तिने भिंतीवर नखाने रेघ ओढली. "मला वाटलं तुम्हांला ठाऊक असेल. मोठी माणसं ठाऊक असूनपण तसं करतात."

मी तिच्या खाटेच्या कडेला बसलो. सगळे एकदम दिसले. तो सहा दशांश वाढवी, मीही सहा दशांश वाढवी. मग दोघेही तेवढेच कमी करीत असू. म्हणून अंतर सारखे, म्हणून पाळणा. मी अंथरुणाला खिळलो त्या दिवशी एकाच हाताने सुधारणा झाली आणि शंभर भरले. आणि मी त्याचे श्रेय ईश्वराला दिले. माझी स्मृती एका अक्षरानेही ढळली नव्हती. त्या सुटकेने मला प्रथम आनंद झाला, हे लिहिताना लाज वाटते. कारण माझ्यासमोर एक मुलगी भिंतीकडे तोंड करून उत्तराची वाट पाहत होती.

"पाप कुणाला?" तिने पुन्हा विचारले.

"वचन मागणाऱ्याला," मी म्हणालो.

"मग मी सुटले," ती म्हणाली, आणि लगेच झोपली.

२२ नोव्हेंबर, शनिवार

धाकट्याला यंत्राच्या खोलीत गाठले. मी माझे सांगितले. तो चादरीची कडा बोटांत गुंडाळत ऐकत राहिला आणि मग इतक्या हळू हसला की मला आधी तो रडतो आहे असे वाटले.

"दादा, तू स्तोत्र म्हणत होतास तोवर मी माझं पाप उरकत होतो."

पहिल्या दिवशी त्याने पुतणीला हो म्हटले होते, आणि पहिल्याच चौकोनात माप चुकले. ते माझ्यासमोर सुधारायची त्याला लाज वाटली. नंतर रोज सकाळी पडद्यावर भलताच आकडा दिसे. त्याला वाटे की आपणच बटणे उलटसुलट दाबली. गेले पंधरा दिवस तो घराबाहेर पडताना किल्ली तीनदा चाचपत होता. डॉक्टरांकडे जायचे ठरवले होते, घरात न सांगता. दोघेही एकाच भीतीच्या दोन टोकांना बसून एकमेकांपासून ती लपवत होतो, आणि मधल्या खोलीत नऊ वर्षांची मुलगी ती दोन्ही टोके सांभाळत होती.

"पण दादा," तो म्हणाला, "एकट्याने केलं तेव्हा शंभर आलं. मग बैठक का चुकली?"

हा प्रश्न मला पडला नव्हता.

आकडा परत ऐंशीवर नेला. तीनशेची एक पट्टी कापली आणि मध्ये रेघ मारून व्हर्नियरने दोन टप्प्यांत मोजली. घट सहा दशांशच. पट्टी तिप्पट लांब आणि घट तेवढीच. धाकटा खुर्चीवर बसला. कपाळावर हात मारून म्हणाला की पंचेचाळीस वर्षे ड्राफ्ट्समन होतो आणि हे दिसले नाही. घट टक्क्यांची असती तर लांबीबरोबर वाढली असती. ही घट चालण्यातली नव्हती, वळण्यातली होती. यंत्र डावीकडून उजवीकडे वळताना प्रत्येक वेळी मोटर तेवढीच जागच्या जागी फुकट फिरत होती. आम्ही आकडा वाढवून ती छोट्या चौकोनात झाकली, आणि मोठ्या फळीत तीच सुधारणा चौपट होऊन बसली. टेप खरे बोलत होता.

आडव्या दिशेच्या मोटरच्या दांड्यावर पट्ट्याची दातेरी पुली असते. तिच्या कुशीत तांदळाएवढा स्क्रू. धाकट्याने पुली आणि दांडा यांच्यावर मिळून पेनने एक रेघ मारली आणि मोटर मागेपुढे केली. रेघ तुटली, अर्धी पुलीवर, अर्धी दांड्यावर, मध्ये केसाएवढी फट. स्क्रू सैल होता. जोडणीच्या पहिल्या दिवसापासून.

त्याने तो आवळला. मी पाहत होतो. मग स्क्रू आवळायची ॲलनची किल्ली माझ्या हाती दिली आणि म्हणाला, तू पण बघ.

२३ नोव्हेंबर, रविवार

पुतणीला सगळे सांगितले. मी सुरुवात केली, धाकट्याने पूर्ण केले. ती भांडी विसळत होती. नळ बंद केला नाही. विसळता विसळताच म्हणाली की डाग पूर्ण गेला आहे, पण आम्ही त्याचा अर्थ परवानगी असा घेऊ नये.

मी म्हणालो, परवानगी मागत नाही, तपासणी मागतो. तूच मोज.

तिने नळ बंद केला. त्यांच्या प्रयोगशाळेत महत्त्वाचे माप दोन माणसे वेगवेगळी घेतात, एकमेकांचा आकडा न बघता, आणि शेवटी एकदम सांगतात. ज्याने नमुना केला तो मोजणाऱ्यांत नसतो. "तुमच्याकडे उलटं होतं," ती म्हणाली. "दोघांनी केलं आणि कुणीच सांगितलं नाही."

धाकटा खालमानेने म्हणाला, "आता तू सांगशील तसं."

"आणि तिच्याकडून वचनं घ्यायची नाहीत. कुणीही. कशाचीही."

२५ नोव्हेंबर, मंगळवार

फिजिओताईंकडून मोठे पोलादी माप आणले. पाच वाजता यंत्र सुरू केले. खालच्या बाईंकडे पुतणी स्वतः जाऊन आली होती, म्हणून आज सहानंतरही वरून आवाज गेला तरी त्यांनी खालून छताला काठी आपटली नाही.

चारशेची फळी निघाली. पुतणीने मोजली आणि आकडा मनात ठेवला. मग फिजिओताईंनी मोजली. मी आणि धाकटा भिंतीला टेकून उभे. आम्हांला हात लावायची मनाई. दोघींनी एकदम म्हटले. एक म्हणाली चारशे, दुसरी म्हणाली चारशे आणि एक दशांश. फिजिओताई म्हणाल्या, चालेल. पुतणी म्हणाली, परत. दुसरी फळी कापली. चारशे आणि चारशे.

आधाराच्या फळ्या खाचांत ठोकाव्या लागल्या नाहीत. तळव्याने दाबल्या तशा बसल्या आणि सोडल्या तशा राहिल्या. पापुद्रा नको, गोंदही नको.

मुलीला बसवले नाही. कडा घासायच्या होत्या, आणि कुणालाच घाई करायची नव्हती.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

आज बसवले. फिजिओताईंच्या देखत, त्यांच्या गादीवर. त्यांनी भिंगरीच्या दोन्ही बाजूंनी हात घालून भार पाहिला, डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे. मग एक तास. त्या तासात ती खिडकीशी गेली नाही की दाराशी आली नाही. फळीवर कोरलेल्या मूर्तीसारखी ताठ बसली. मी म्हटले, हल की जरा. ती म्हणाली, "नको. बिघडेल."

तिचा तो विश्वास अजून परतला नाही. तो आम्हीच घालवला आहे. त्याला वेळ लागेल.

तासानंतर तिला उचलून आतल्या खोलीत नेले, पडदा ओढला. दोन्ही अंगांना लाली होती. फिजिओताईंनी बाहेर येऊन सांगितले की लाली येतेच; प्रश्न असतो ती जाते की नाही याचा. अर्धा तास थांबावे लागेल. त्या पडद्याआड परत गेल्या.

धाकटा आणि मी बाकावर बसलो. जपाला माळ घेतली आणि पहिल्याच मण्यावर अडलो. बोट पुढे सरकेना. धाकटा फरशीकडे पाहत होता. त्याने माझ्या कोपराला कोपर टेकवले आणि तसेच ठेवले.  पडद्यामागे एकदा पाण्याचा पेला ठेवल्याचा आवाज झाला, तेव्हा आम्ही दोघेही उठून उभे राहिलो आणि मग पुन्हा बसलो.

पडद्याआडून भिंगरी म्हणाली, "श्वास घ्या की दोघं. इथपर्यंत ऐकू येत नाहीये."

कुणी हसले नाही. मग पडदा सरकला. पुतणी बाहेर आली. हातमोजे काढायला तिला वेळ लागला. एका बोटाशी रबर अडकले होते. ते ओढता ओढताच, आमच्याकडे न बघता ती म्हणाली, "दोन्हीकडे सारखं होतं. आणि गेलं."

धाकट्याने तोंड झाकून घेतले. पुतणी त्याच्यासमोर उभी राहिली. रोज संध्याकाळी ती स्वतः बघणार, एक दिवस जरी डाग राहिला तरी बैठक बंद, आणि महिन्याने फळ्या पुन्हा मोजायच्या, असे तिने एका दमात सांगितले. मग खिशातून फोन काढला आणि शाळेला लावला. आम्ही दोघांनी तिला बोलताना ऐकले : होय, सोमवारी. होय, स्वतःच्या खुर्चीत.

दैनंदिनी खासगी असते. तरी लिहिलेले कधीतरी कुणाच्या तरी हाती पडते. जो कोणी ही पाने वाचील, त्याच्या घरी कुणाला सांगायचे म्हणून अडून राहिलेले काही असेल तर ते आजच सांगितले जावो. त्याच्या घरातल्या अशक्त जिवाचा भार दोन्ही बाजूंना सारखा पेलला जावो. ज्यांना आपले दुखणे कळत नाही, त्यांना रोज पाहणारे डोळे मिळोत. आणि वाचणाऱ्या सर्वांना, ज्ञात्यांना, अज्ञानी जनांना आणि माझ्यासारख्या मधल्यांना, त्या दयाघनाची सावली लाभो.